आवाज गेल्यानंतरचा वर्ग

बाईंचा आवाज असा, की सातवीच्या वर्गात कविता सुरू झाली की समोरच्या इमारतीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. मुलांनी त्यांना 'भोंगा' हे नाव ठेवलं होतं. ते बाईंच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्या खूशच होत्या. भाषा हा कानाचा विषय, असं त्यांचं ठाम मत. धडा आधी मोठ्यानं वाचायचा, बाकीचं मग बघू.

मग गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण गाठीला खेटूनच आवाजाची नस होती, ती दुखावली. शुद्धीवर आल्यावर बाई नवऱ्याला काहीतरी म्हणायला गेल्या, तर तोंडातून नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, नस सावरेल किंवा नाही सावरणार, आत्ताच सांगता येत नाही.

नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर, स्वभावानं मिश्कील. घरी आल्यावर म्हणाला, "इतकी वर्षं मी ऐकलं, आता तू ऐक." बाई हसल्या नाहीत तसा त्याचाच चेहरा उतरला. त्या दिवसापासून तोही दबक्या आवाजात बोलू लागला, घरात बाळ निजल्यासारखा.

रजा संपल्यावर हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस भला. त्यांनी सुचवलं की वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही ग्रंथालय सांभाळा. पगार तोच, मानही तोच. बाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन पर्सही खाली न ठेवता स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या.

सून घरूनच ऑफिसचं काम करायची. सासूकडे एकदा बघून ती काय समजायचं ते समजली. तिनं बाईंना खुर्चीत बसवलं, आपला लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला आणि स्वतः फोन हातात घेतला. लॅपटॉपवर कोरं पान होतं. बघता बघता त्यावर अक्षरं उमटली : 'आई, काय म्हणाले हेडसर?'

बाईंनी एका बोटानं अक्षरं शोधत शोधत उत्तर लिहिलं : 'पुस्तकांवरची धूळ झटकायला ठेवतायत मला.'

'मग वर्ग असा घ्या ना. आमच्याकडे पाच गावची पाच माणसं एकाच वेळी एकाच पानावर लिहितात. कुणाला ओरडावं लागत नाही.'

'भाषा कानाची असते.'

सुनेची बोटं फोनवर फिरली. मग अक्षरं आली : 'असेल. पण तुमचा राग मला आत्ता नीट ऐकू आला.'

बाईंनी हेडसरांकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. कॉम्प्युटरच्या खोलीत एकेका यंत्रापुढे दोन-दोन मुलं बसली. बाईंनी पानावर पहिलं वाक्य लिहिलं : 'एका गावात एक माणूस होता, त्याला कुणीच हाक मारत नसे.' पुढची गोष्ट मुलांनी मिळून रचायची होती.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. कुणी त्या माणसाला चंद्रावर धाडला, कुणी ओढून खाली आणला, आणि तिसऱ्याच्या हातून सगळं पानच पुसलं गेलं. तो मुलगा रडकुंडीला आला. पण पुसलेलं पान परत कसं आणायचं, हे सुनेनं त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. गोष्ट जशीच्या तशी परत आली. पान गेलं होतं कुठे, असं कुणीतरी विचारलं. कॉम्प्युटरचे सर म्हणाले, ते क्लाउडवर असतं.

"म्हणजे ढगात? पावसात भिजत नाही का, सर?"

बाई पोट धरून हसल्या. आवाज नव्हता, पण हसू पूर्ण होतं.

हळूहळू पान सुधारलं. मागच्या बाकावरची एक मुलगी बोलताना अडखळायची. वाचायची पाळी आली की बाई पूर्वी दया येऊन तिला खाली बसवायच्या. पानावर मात्र ती भराभर लिहायची. एके दिवशी तिनं लिहिलं, की तो माणूस रोज संध्याकाळी घराचं दार लावून घेई आणि स्वतःलाच नावानं हाक मारी.

बाकीच्यांची बोटं थांबली. बाईंनी समासात विचारलं : 'हे कसं सुचलं तुला?'

'मी घरी करते तसं, बाई. माझं नाव मला नीट म्हणता येतंय का, ते बघते.'

बाई उठल्या, मागच्या बाकापर्यंत गेल्या आणि तास संपेपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिल्या.

गोष्ट पुरी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी नेट गेलं. बाईंकडे छापून घेतलेली एक प्रत होती. त्यांनी मुलांना जवळ बोलावलं आणि श्वासाच्या आवाजात म्हणाल्या, "कोण वाचतंय?" खुर्च्या पुढे सरकल्या. बाईंचा शब्द ऐकायचा तर गप्प राहून वाट बघावी लागते, याची मुलांना आता सवय झाली होती. मागून हात वर आला तो त्या अडखळणाऱ्या मुलीचा.

तिनं वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीत शब्द अडला. कुणी तो पुरा करून दिला नाही, कुणी फिस्सकन हसलं नाही. सगळे थांबले, शब्द आला, ती पुढे गेली. घंटा होऊन गेली तरी कुणी उठलं नाही. हाकेच्या जागी ती सगळ्यात जास्त अडखळली, आणि तिथं बाईंनी डोळे पुसले.

महिन्याची मुदत कधी सरली ते हेडसरांनी विचारलं नाही. वर्षभरात आवाज थोडा परतला, घोगरा, फाटका. कविता आता बाई स्वतः वाचतात, जेवढी झेपेल तेवढी. पण गोष्टीचे तास त्यांनी सोडले नाहीत. यंदाच्या वर्गाची गोष्ट एका हरवलेल्या कुत्र्याची आहे. मुलांनी तिच्यात आतापर्यंत बरीच माणसं मारून टाकली आहेत, आणि बाई रोज संध्याकाळी सुनेशेजारी बसून एकेकाला जिवंत करताहेत.