कंपनीचा पाहुणा

त्या दिवशी संध्याकाळी मला बघायला पाहुणे यायचे होते, पण दारातून नाही, कॉम्प्युटरवर. मुलगा बंगळुरात नोकरीला, सुट्टी मिळेना, म्हणून व्हिडिओवरच उरकायचं ठरलं. मला हा मुलगा नको होता. खरं तर कुठलाच नको होता, मला परीक्षा द्यायची होती. पण स्थळ बाबांनी आणलेलं. आमच्या कारंजा गावाबाहेरच्या मळ्यात वांगी तोडतानासुद्धा ते गुणगुणत होते. त्यांच्यापुढे माझी जीभ रेटेना. म्हणून मी सकाळीच परीक्षेच्या शिकवणीचे भलेमोठे व्हिडिओ एकामागून एक डाउनलोडला लावून दिले. नेट पार रखडलं. मी मनातल्या मनात फुगड्या घालत होते.

तर बाबांनी थेट नेटच्या कंपनीलाच फोन लावला, तोही स्पीकरवर.

"सर, मी आपल्या कॉम्प्युटरवर तपासणीचं सॉफ्टवेअर टाकतो. कृपया परवानगी द्या."

पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांचं पुराण आलं. हा माणूस आमचं काय काय बघणार, ते त्यात असणार. मी वाचायला वाकले तोवर बाबांनी बटण दाबलंही. आणि पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला!

आईनं झटकन डोक्यावर पदर घेतला. "तो आपल्याले पाहून राह्यला का वं?"

"आपल्याले नाई आई, कॉम्प्युटरले."

"कॉम्प्युटर तं घरातच हाय ना!" असं म्हणून तिनं चहाचं आधण ठेवलं. घरात माणूस आला म्हणजे चहा आलाच. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

मग बाण माझ्या डाउनलोडवर जाऊन थांबला. तिथून ब्राउझरवर. तिथे मी सकाळी शोधलेलं तसंच उघडं होतं: 'स्थळाला नकार कसा द्यावा'. बाबांचा चष्मा मळ्यात राहिला होता म्हणून बचावले. बाणानं ते पान हळूच बंद केलं. मी स्वतःची समजूत घातली, जाऊ दे, कुठला कोण लांबचा माणूस, ना ओळख ना पाळख.

पण आमच्याकडे गाव विचारल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत.

"पाहुणे, गाव कोनतं तुमचं?"

"सर, मी पुण्यातून बोलतोय."

"थे झालं नोकरीचं. गाव?"

फोन जरा घुटमळला. "आसेगाव."

"आपल्या मंगरुळपीरजवळचं?"

"हो काका!" कंपनीची भाषा गळूनच पडली. "माही मावशी कारंज्यातच देल्ली हाय."

मावशी निघाली आमच्याच गल्लीतली. "थे तं रोज माह्यासंगं भाजी निवडते," आई आतून ओरडली. झालं! माझं गुपित आता नात्यात गेलं. उद्या मेथीच्या जुडीबरोबर तेही निवडलं जाणार.

"काका," तो म्हणाला, "अडचण कंपनीकडूनच हाय. आज काई नेट चालत नाई."

बाबा माझ्याकडे वळले. "पाह्य, आपल्याकडचा मानूस. खोटं नाई सांगनार."

आता मात्र मला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या हसण्यातच मी बोलून गेले. "बाबा, तो खोटंच सांगून राह्यला. नेट म्याच अडवलं. मले नाई पाह्याचं थे स्थळ. मले परीक्षा द्याची हाय."

"ठेवतो काका," म्हणून पाहुणा पसार झाला. बाण जागच्या जागी थांबला.

"त्याले कसं मालूम होतं?" बाबांनी विचारलं.

"पडद्यावर पाह्यलं त्यानं."

आता आवाज चढणार म्हणून मी मान खाली घातली. बाबा खुर्चीत टेकले.

"त्यानं पुण्यात बसून पाह्यलं," ते म्हणाले. "अन् मी तं रोज तुह्यासमोर बसून जेवून राह्यलो."