आक्काला विचारलं तेव्हा

"मॅडम, दोन्ही पक्षांना मान्य आहे. सह्या झाल्यात. पाच मिनिटांचं काम," भावाचे वकील पाटणकर घड्याळ बघत म्हणाले.

"बाईंशी मी चेंबरमध्ये बोलते," आमच्या न्यायाधीश सावंत मॅडम म्हणाल्या. "भाऊ बाहेर थांबतील."

मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात स्टेनो होतो. प्रकरण नाटे गावातल्या एका कुटुंबाचं. दत्ताराम आणि त्याची थोरली बहीण सुनंदा. वडिलांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा भावाने लावलेला. आता तडजोडीची पुरसीस, म्हणजे 'आमचं आपसांत मिटलं' असं कोर्टाला लेखी सांगणं, दाखल झाली होती. तिच्यात बहिणीने सगळा हिस्सा सोडला होता. अशा वेळी न्यायाधीश विचारतात, "कबूल?" बाई मान हलवते. संपलं.

मॅडम आल्यापासून मात्र हक्क सोडणाऱ्या प्रत्येक बाईशी स्वतः बोलायच्या. त्यासाठी चेंबरमध्ये एक जादा खुर्ची मागवली होती. वकीलमंडळी वैतागायची. खरं सांगायचं तर मीही वैतागायचो, कारण टायपिंग वाढायचं.

सुनंदाबाई आणि त्यांचे वकील आत आले. बाई बसेनात. मॅडमनी पुरसीस साध्या मराठीत वाचून दाखवली.

"यात तुम्ही घर, आंब्याची कलमं, सगळं सोडलंय. मनापासून?"

"भाव सांगल तसा."

"भाऊ नाही. तुम्हाला काय हवंय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बाहेर शिपाई पुढचा पुकारा द्यायचा म्हणून खोळंबला होता. शेवटी बाई खुर्चीच्या टोकाला टेकल्या.

"घरवाला वारला. मुंबईला लेकाकडं ऱ्हाते. सून वाईट नाय, पन खोली एकच. वाड्याजवळचा तुकडा मिळता तर खोपटी बांधून ऱ्हायले असते. कलमं नकोत मला."

वाडा म्हणजे आमच्याकडे गुरांचा गोठा.

मॅडमनी दत्तारामला आणि पाटणकरांना आत बोलावून ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता भांडण. तो बहिणीकडे वळला.

"आक्का, कधी बोललीस नाय?"

"मला कुनी इचारलान?"

दत्तारामने गमछ्याने तोंड पुसलं. "खोपटी कशाला? पडवी आहे, ती बांधून देतो."

"नको," आक्का म्हणाली. "तुझ्या बायकोचा नि माझा दोन दिस पटल, तिसऱ्या दिशी नाय. माझा तुकडा माझ्या नावावर असूं दे."

मॅडम हसल्या. पाटणकर वकीलही हसले आणि नवी पुरसीस लिहायला बसले. वाड्याजवळची जागा आणि विहिरीच्या पाण्याचा हक्क आक्काच्या नावे, बाकीचं भावाचं.

यात वेळ गेल्याने त्या दिवशी सुनावणीच्या बोर्डावरची निम्मी प्रकरणं पुढच्या तारखेला गेली. महिनाअखेरीचा निकाली प्रकरणांचा तक्ता मीच टाइप केला. हा दावा त्यात 'तडजोडीने निकाली – एक' असा गेला. पहिल्या पुरसिशीवर सही करून मॅडम मोकळ्या झाल्या असत्या, तरी तक्त्यात आकडा एकच आला असता.