डब्यातली नळी

आमच्या गल्लीतला हा माणूस नांदेडच्या एका स्कॅन सेंटरवर टेक्निशियन आहे. त्याच्याकडं एक प्लास्टिकचा डबा असतो. बसमध्ये लोकांना वाटतं, जेवण असेल. आत असते पाण्यात बसवलेली, ठरावीक मापाची बारीक नळी. ती सुटली तर नाही ना, म्हणून तो डबा सारखा कानाशी धरून हलवतो. मला तो जरा चक्रमच वाटायचा.

आईच्या मानेतल्या रक्ताच्या नसेचा पहिला स्कॅन लातूरला झाला होता. यंदा नांदेडला याच्याच सेंटरवर केला, तर नस जास्तच आवळलेली दिसली. डॉक्टर ऑपरेशनचं बोलले. आईचं अन्नावरचं लक्षच उडालं.

हा मात्र म्हणाला, "दम धरा. मशीन दोन हायत, दोघींचं जमत न्हाई."

रविवारी तो डबा घेऊन लातूरला गेला आणि तिथल्या मशीनवर नळीचा स्कॅन काढून आला. सोमवारी तीच नळी नांदेडच्या मशीनवरही तपासली आणि डॉक्टरांना म्हणाला, "सर, नळी तीच हाय, पण आपली मशीन लई बारीक दाखवून राहिली."

तेवढा फरक धरून डॉक्टरांनी आईचे दोन्ही स्कॅन पुन्हा ताडून पाहिले. नस होती तशीच होती. गोळ्या तेवढ्या चालू ठेवायच्या.

आईनं त्याला डबाभर धपाटे पाठवले. त्यानं डबा घेतला आणि आधी कानाशी धरून हलवला.