आत्याची एकच शिष्या

माझी आत्या बायबलबाई होती. आता हा शब्द आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरुणांनाही समजावून सांगावा लागतो. घरोघरी जाऊन बायकांना प्रभूची गोष्ट सांगायची, आजारी माणसाजवळ बसून प्रार्थना करायची, वाचता येत नाही त्यांना शास्त्र वाचून दाखवायचं, हे तिचं काम. तिनं लग्न केलं नाही. रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमधून ती उभी हयात पायी हिंडली. लोक तिला पाणी देत, बसायला पाट देत, गोष्ट ऐकून घेत आणि निघताना परसातला एखादा फणस हातात ठेवत. पण तिचं ऐकून एकाही माणसानं बाप्तिस्मा घेतला नाही. ती निवृत्त झाली तेव्हा मंडळीनं शाल दिली आणि चर्चच्या मागच्या दोन चिरेबंदी खोल्यांत तिला राहू दिलं.

नवरा गेल्यावर मी पुण्याहून परत आले, इथल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स म्हणून लागले आणि आत्याकडे राहायला लागले. तोवर मंडळी जवळजवळ संपलीच होती. तरुण मुलं मुंबईला गेली होती, काही आखातात. पाळकसाहेब चिपळूणहून महिन्यातून एकदा यायचे. एरवी रविवारी आम्हीच एकमेकांना वाचून दाखवायचो. मोठ्यानं गायलं तर आवाज रिकाम्या बाकांवरून परत यायचा, म्हणून सगळे हळूच गायचे.

एकदा असा रविवार उरकून आल्यावर आत्या चहा गाळता गाळता म्हणाली, "पहिली मंडळी कुणाच्या तरी घरातच भरायची. तेव्हा चर्च नव्हतं, पाळकाला पगार नव्हता. आपल्याकडे तरी आता दुसरं काय उरलंय?"

त्या आठवड्यापासून तिनं गुरुवारी संध्याकाळी आमच्या खोलीत जमायचं ठरवलं. पहिल्या शिष्यांच्या हकिकती सुरुवातीपासून वाचायच्या आणि मग एकत्र जेवायचं. आत्या, मी आणि शेजारचे एक निवृत्त कारकून व त्यांची बायको, एवढेच आम्ही. जेवायला कुळथाची पिठी आणि भात. आत्या तांदळाची एक भाकरी मोडून सगळ्यांना द्यायची, तेव्हा तिचा चेहरा वीस वर्षांनी लहान दिसायचा.

आमच्याकडे मासे द्यायला एक बाई यायची, किनाऱ्यावरच्या गावातली. तिचा नवरा मालवाहू जहाजावर खलाशी होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात तो आजारी पडून गेला आणि त्याला तिकडेच पुरलं. तिला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. मागे ती आणि एक मुलगी. एका गुरुवारी ती रिकामी पाटी घेऊन एसटीची वाट बघत आमच्या पायरीवर टेकली आणि आतलं वाचन तिच्या कानावर पडलं. वधस्तंभावर मेलेला गुरू पुन्हा उठून पहाटे किनाऱ्यावर विस्तव करून, त्यावर मासे भाजत, होडीतल्या आपल्या शिष्यांची वाट बघत होता, ती गोष्ट.

वाचून झाल्यावर ती दारातूनच म्हणाली, "आत्या, ता परत सांगा."

आत्यानं परत सांगितलं. पुढच्या गुरुवारी ती आत येऊन बसली. त्यानंतर ती एकही गुरुवार चुकली नाही. ती भराभर प्रश्न विचारायची. "जाळी सोडून त्याच्या मागनं गेले म्हनता, मग मासे कोन विकीत होता? बायका काय खात व्हत्या?" कारकूनकाका हसायचे. आत्या हसायची नाही. ती म्हणायची, "बाई, ते शोधायला पाहिजे."

वर्षभरानं त्या बाईनं स्वतःहून सांगितलं, "मला तुमच्यात घ्या." आत्यानं तिचे दोन्ही हात धरले. ती गेल्यावर आत्या मला म्हणाली, "मला वाटलं होतं, मी अशीच रिकाम्या हातानं जाणार." त्या दिवसांत ती भांडी घासतानाही गुणगुणायची. पाळकसाहेबांनी मात्र विचारलं, "तिच्या घरच्यांना माहीत आहे का? घाई करू नका." आत्या म्हणाली, "सांगणार आहे ती."

ते गावाला आधीच कळलं होतं. एका दुपारी तिचा मोठा दीर आला. मी रजेवर होते. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण तो चप्पल बाहेर काढून आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि दिलेला चहा प्यायला. मग म्हणाला, "आत्या, आमची आई असताना तुम्ही आमच्या घरी येत होतात. तुमच्याविषयी गावात कोणी वाईट बोलत नाही. पण माझ्या पुतणीची सोयरीक ठरत होती. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी नकार कळवला. दुसरीकडेही तेच विचारतायत. तिचा बाप नाही. मी काय करू ते तुम्ही सांगा."

आत्या म्हणाली, "मी तिला बोलावलं नव्हतं. ती आपण आली."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर भांडायला नाही आलो." तो गेला. कप त्यानं स्वतः मोरीत नेऊन ठेवला होता.

गुरुवारी ती बाई आली, पण आत आली नाही. "आत्या, पोरगी माज्याशी बोलत नाय," ती म्हणाली. "जेवत पन नाय. काय करू?"

मला वाटलं, आत्या आता तिला त्या पहिल्या शिष्यांचं सांगेल. तुरुंगात गेलेल्यांचं, दगडांचा मार खाल्लेल्यांचं. आयुष्यभर तिनं तेच सांगितलं होतं. पण आत्या म्हणाली, "जा बाई. मुलीचं आधी कर."

बाईनं उंबऱ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि गेली. आत्या दाराकडे बघत राहिली. "सगळं टाकून गेले ते," ती म्हणाली. "पण त्यांच्या मुलींची लग्नं कुणी केली, ते कुठंच लिहिलेलं नाही. मी इतकी वर्षं वाचतेय. मला कधी विचारावंसंसुद्धा वाटलं नाही."

त्यानंतर एकदोन गुरुवार आम्ही जमलो. आत्या पुस्तक उघडायची आणि मला म्हणायची, "तूच वाच." पुढे कारकूनकाका आणि काकू मुलाकडे पुण्याला राहायला गेले. मग कुणी कुणाला न सांगताच ते बंद झालं. आत्यानं सकाळची प्रार्थनाही सोडली. कुरकुर नाही, रडणं नाही. उठायची, चूळ भरायची आणि खिडकीत बसून राहायची. पायांना सूज आली, दम लागायला लागला. पाळकसाहेब घरी येऊन प्रभुभोजनाची भाकर देऊन गेले. तिनं तो तुकडा गोळी गिळावी तसा गिळला.

मी विचारलं, "आत्या, मी प्रार्थना करू?"

"तुला करायची तर कर," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मी एवढी चालले, ते कुणाच्या मागून चालले गं?"

मी तिच्या सुजलेल्या पायांखाली उशी सरकवली. तिनं पुन्हा विचारलं नाही. गणपती होऊन गेल्यावर ती गेली. खांदा द्यायला मंडळीतले पुरुष पुरेनात, म्हणून दवाखान्यातले वॉर्डबॉय बोलवावे लागले. त्यातला एक हिंदू, एक मुसलमान. त्यांनी तिला नीट, सावकाश नेलं.

पुढे मासळीबाजारात ती बाई भेटली. तिनंच विचारलं, "आत्या कशा हायत?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती पाटीतले बांगडे वरखाली करत राहिली.

"मुलगी?" मी विचारलं.

"दिली. गनपतीपुळ्याकडं. बरी हाय." मग खाली बघूनच म्हणाली, "मी आता कुठंच जात नाय. देवळात पन नाय. हात जोडले की कुनाला जोडतेय ता कळत नाय."

मी बांगडे घेतले आणि घरी आले. ते साफ करताना मला एकाएकी तिचा राग आला, मग आत्याचा, मग ज्यानं किनाऱ्यावर विस्तव पेटवला त्याचा. कुणावरच तो राग नीट टिकेना.

आता पाळकसाहेब नाताळ आणि ईस्टरलाच येतात. आत्याच्या दुसऱ्या खोलीत चर्चच्या जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. मी अजून पहिल्याच खोलीत राहते.

परवा दुपारी वॉर्डात सावर्ड्याकडचा एक म्हातारा रुग्ण होता. त्याच्या बायकोनं माझ्या गळ्यातला क्रूस बघितला आणि माझा पदर धरला. "ताई, तुमी लोक प्रार्थना करता ना? आमच्या मानसासाठी करा."

"करते," मी म्हटलं.

मी औषधांच्या खोलीत गेले, दार लोटलं, डोळे मिटले. बराच वेळ उभी राहिले. एकही शब्द येईना. बाहेर कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली, तेव्हा डोळे उघडले आणि त्या म्हाताऱ्याची सलाईन बदलायला गेले. त्याची बायको माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवत होती.