स्क्रीनकडे न बघता सांग

ऑफिसातल्या सुहासच्या बायकोचा, नंदाचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. "मेधा, सुहास गेला गं," एवढंच ती म्हणाली. हृदयाच्या दुखण्याने तो काही दिवस हॉस्पिटलात होता, पण घरी येईल असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. खोटं कशाला बोलू, रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता ऑफिसातल्या डायलिसिसच्या कामाचं काय? अंधेरीच्या एमआयडीसीत आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या डायलिसिस सेंटरांमध्ये कुठल्या पेशंटला कुठल्या दिवशी कुठलं मशीन मिळणार, ते आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. ते सुहास परबने बांधलं, त्यानेच सांभाळलं. मी शेजारच्या टेबलावर बिलांचं सॉफ्टवेअर बघायचे. तिकडे चूक झाली तर ग्राहक ओरडतो. सुहासच्या कामात चूक झाली तर माणसाची पाळी चुकते, आणि डायलिसिसची पाळी चुकणं म्हणजे काय ते ज्याच्या घरी पेशंट आहे त्याला विचारा.

सुहास चारकोपचा, मूळचा मालवणकडचा. रागावला की मालवणी, खूश झाला तरी मालवणी. ऑफिसात एआय एजंट आले, म्हणजे आपण काम सांगायचं आणि त्याने स्वतःच कोड लिहून, चालवून बघून हातात ठेवायचा, तेव्हा मला वाटलं हा म्हातारा नाक मुरडणार. छे! सगळ्यात आधी तोच हरखला. "झकास आसा गो! पोरगो हुशार आसा. फक्त याला आपल्या सेंटरवर अजून कोणी नेलेलं नाही." म्हणून त्याची रीत ठरलेली. एजंटला पहिलं वाक्य, "आधी फक्त सांग काय करणार आहेस, हात लावू नकोस." मग लहान लहान तुकड्यांत काम द्यायचा आणि प्रत्येक तुकडा वाचायचा. आवडला नाही तर बेधडक उडवायचा. आणि शेवटी खुर्ची गरकन माझ्याकडे फिरवून, स्क्रीनकडे पाठ करून, नेमकं काय बदललंय ते मला मराठीत सांगायचा. सांगताना अडखळला तर तो बदल पुढे जायचा नाही. "माका कळाक व्हया. कळला नाय, तर ता चलूचा नाय." मी वैतागायचे. "अरे यार, माझी बिलं पडलीत ना!" तर म्हणायचा, "पडूदेत. ऐक."

एकदा सेंटरवाल्यांनी पेशंटना फार ताटकळावं लागतं अशी तक्रार केली. एजंटने झटक्यात उपाय काढला, वेळ चांगलीच कमी झाली, सॉफ्टवेअरच्या सगळ्या चाचण्या पास. आमचे देसाईसाहेब तर पेढे वाटायला निघाले होते. सुहास मला सांगायला बसला, "एक मशीन बराच वेळ रिकामं असतं, ते याने सगळ्यांना वापरायला दिलं." मी कंटाळून विचारलं, "पण ते रिकामं का असतं?" त्याने खुर्ची परत वळवली आणि तिथल्या तिथे सेंटरच्या सिस्टरला फोन लावला. ते मशीन रक्तातून पसरणारी कावीळ झालेल्या पेशंटसाठी मुद्दाम वेगळं ठेवलेलं होतं. दुसऱ्या कुणाला त्यावर बसवलं असतं तर वाटच लागली असती. हे आमच्याकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं, मग एजंटला तरी कुठून कळणार? सुहास त्याच्यावर चिडला नाही. "आपण सांगितलंच नाही त्याला," म्हणाला, आणि तो नियम कोडमध्ये आणि चाचण्यांमध्ये घालूनच उठला. त्यानंतर मी बिलांची कुरकुर जरा कमी केली.

तो गेल्यावर सगळं माझ्या गळ्यात पडलं. साहेब म्हणाले, "एजंट आहे की, त्याला विचार." मनात म्हटलं, तुम्हाला बोलायला काय जातंय! आणि तेवढ्यात मुलुंडच्या सेंटरचा निरोप आला: पाण्याच्या यंत्रणेची दुरुस्ती निघालीय, काही दिवस आमचे पेशंट घाटकोपरला हलवा. एजंटला म्हटलं, आधी फक्त सांग. त्याने आराखडा दिला. एकही मशीन वाया नाही, सुरेख जुळवलेला. मी खुर्ची फिरवली, स्क्रीनकडे पाठ केली आणि भिंतीला सांगायला लागले. "शुक्रवारी डायलिसिस झालेल्या काही पेशंटना सोमवारऐवजी मंगळवार..." आणि अडखळले. सुहासचा आवाज कानात आला, "रविवार आधीच कोरा असतो गं, शनिवारही गेलेला. त्याला लागून आणखी भोक पाडायचं नाही, अंगात पाणी साठतं." नेहमीच्या वेळापत्रकात हा नियम होता, पण पेशंट दुसऱ्या सेंटरला हलवण्याचा कोड नवा होता आणि एजंटने तिथे तो लावलाच नव्हता. मी आधी ही चूक पकडणारी चाचणी लिहून घेतली, मग आराखडा बदलून घेतला. पुन्हा पाठ केली, पुन्हा सांगितलं. या वेळी अडखळले नाही.

दुरुस्ती आटोपून पेशंट मुलुंडला परतले, एकाचीही पाळी चुकली नाही. मधे घाटकोपरच्या सिस्टरचा फोन आला तो फक्त तिथल्या एसीची तक्रार करायला. मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्याशी एसीबद्दल बराच वेळ प्रेमाने बोलत बसले!

त्या रविवारी चारकोपला नंदाकडे गेले. म्हटलं, ऐक, सुहासचं काम चालू आहे, मला जमतंय. ती रडेल असं वाटलं होतं. तिने मोठा श्वास सोडला. "बरं झालं गं बाई. मलाच धास्ती होती. हॉस्पिटलमध्ये मी त्याला म्हटलेलं, तुझ्या मशीनांचं आता कोण बघणार? मेधाला काही लिहून तरी दे."

"मग? काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, तिका सगळा म्हायत आसा गो. फक्त ह्या एकच तिका म्हायत नाय."