कान बांधून चालणाऱ्या बायका

आमच्या चालण्याच्या ग्रुपचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो, किस्से संपत नाहीत. बाकीच्या हसतात, पण ते दिवस मी फार धास्तीत काढलेत.

बेत साधा होता. शुक्रवार पेठेतल्या आम्ही आठ-दहा बायकांनी रोज सकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायच्या. ओळखीच्यांनी फेरीमागे वर्गणी द्यायची. त्यातून बाळंतपणानंतर मन खचलेल्या मुलींसाठी समुपदेशक बाई बोलवायच्या. खूण म्हणून सगळ्यांनी बाळंतिणीसारखे कान बांधायचे, ही अक्कल माझी. सोलापूरच्या उन्हात! पहिल्याच फेरीत आम्ही घामाने न्हालो.

*

साठीच्या शकुंतलाकाकू तशाच दूध आणायला गेल्या. दूधवाल्याने बांधलेल्या कानांकडे बघत हळूच विचारलं, "काकू, मुलगा की मुलगी?"

*

चादरीच्या दुकानात वर्गणी मागितली. मालकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी डबाभर डिंकाचे लाडू पाठवले. बाळंतीण रडते म्हणजे अंगात ताकद नाही, असा त्यांचा समज. लाडू आम्हीच खाल्ले. वजनं वाढली, वर्गणी काही वाढली नाही.

*

सगळ्यात जास्त फेऱ्या गंगव्वांच्या. अक्कलकोटकडच्या, नऊवारी खोचून सगळ्यांच्या पुढे. माझ्या समोरच राहतात. त्यांची सून कावेरी, बाळ दोन महिन्यांचं. पूर्वी गच्चीवरून मला हाका मारणारी ही पोरगी आता खिडकीत नुसती बसून असायची. बाळ रडलं तरी वळायची नाही. सकाळी ती खिडकीत दिसली की मगच माझ्या जिवात जीव यायचा.

चालता चालता मी विषय काढला. गंगव्वा म्हणाल्या, "आमच्या घरात तसलं काय न्हाय. लोकांच्या लेकींसाठी चालतोय की आपण." आणि झपझप पुढे गेल्या. मला त्यांना गाठता येईना आणि गप्पही बसवेना.

*

एक दिवस खिडकी बंद दिसली. मी धावत जाऊन त्यांचं दार बडवलं. कावेरीनेच उघडलं. आता काय सांगावं? साखर हवी होती म्हटलं. तिने वाटी भरून मीठ दिलं.

घरी येऊन मी रडले. मग तीच वाटी मैदानावर गंगव्वांपुढे धरली आणि झालेलं सांगितलं. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली. त्या दिवशी त्या एकही फेरी चालल्या नाहीत.

*

समुपदेशक बाई आल्या तेव्हा शकुंतलाकाकूंच्या हॉलमध्ये गंगव्वा सगळ्यांच्या आधी हजर. एका हाताने कावेरीचा दंड धरलेला, खांद्यावर बाळ. मुलीशी एकटीशी बोलते, असं बाईंनी सांगितलं. गंगव्वांनी खुर्ची ओढली आणि स्वतःच समोर बसल्या.

"तिचं मागनं. आदी माजं ऐका. ह्याच्या बापाच्या येळंला मी बी अशीच बसत होते. कुणी इचारलं न्हाय." एवढं बोलल्या आणि त्यांना रडू फुटलं.

कावेरी उठली. तिने सासूसमोर दोन्ही हात पुढे केले.

"आत्या, बाळ द्या इकडं. तुमी बोला."