अर्धा कप

बदलापूरच्या खरवईतल्या आमच्या सोसायटीतले बोटवाले काका कुणालाही चहा देतात तो अर्धा कपच. मी त्यांना पक्का कंजूष समजायचो. मग कळलं, त्यांची नोकरी सगळी नॉर्वेतल्या खाड्यांमधल्या फेरीबोटींवर झाली. डिझेलचं इंजिन इतकं थरथरायचं, की भरलेला कप सांडायचाच. ती सवय बदलापुरातही सुटली नाही.

काल त्यांच्या तिकडच्या मित्राचा व्हिडिओ आला, तो त्यांनी मला दाखवला. नवी फेरीबोट बॅटरीवर चालते. टेबलावरची काठोकाठ भरलेली कॉफी ढिम्म हलत नव्हती.

"अरे, त्या कॉफीमागच्या खिडकीतून बघ, बोट चाललीय ना ही?" काका खुर्चीतून उठलेच. "थांब, आज फुल्ल कप!"

ट्रे घेऊन आले खरे, पण हसू काही आवरेना, सगळा ट्रे थरथरत होता. माझ्यापर्यंत पुन्हा अर्धाच कप पोचला.